बर्फाचं वेड आणि बेळगावची कोमट थंडी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नोव्हेंबर लागला की हे प्रश्न यायला सुरू होतात आणि शिवरात्रीपर्यंत येतच राहतात. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी, संकेश्वर, गाव कुठलंही असू दे, दुखणं एकच, की बर्फ जीव ओवाळून आवडतो आणि आपल्याकडं तो पडत नाही, वर यंदासारखा हिवाळा आला की स्वेटरसुद्धा ट्रंकेतनं बाहेर निघत नाही. म्हणून नेहमी येणारे प्रश्न एका जागी घेतलेत, सोपे आधी आणि किचकट नंतर. एखादी गोष्ट दुसरीकडं सांगून झाली असेल तर तिथला नंबर दिलाय.

१. दादा, बेळगाव एवढं उंचावर आहे मग इथं बर्फ का पडत नाही? कधीतरी पडेल काय?

नाही पडणार, आणि का ते एकदा नीट कळलं की पुढचे निम्मे प्रश्न आपोआप सुटतात. बेळगाव समुद्रसपाटीपासून साधारण ७५० मीटर. वर जाईल तशी हवा दर किलोमीटरला सुमारे साडेसहा डिग्रीनं गार होत जाते आणि आपल्या डोक्यावर शून्य डिग्रीची पातळी साडेचार-पाच किलोमीटर उंचीवर असते. कर्नाटकातलं सगळ्यात उंच शिखर मुळ्ळय्यनगिरी १९३० मीटर, अख्ख्या पश्चिम घाटात सगळ्यात उंच केरळातलं अनाइमुडी २६९५ मीटर, तिथंही बर्फवृष्टी होत नाही, मग आपली काय कथा.

पण नुसती उंची धरून बसू नका. बर्फाला गारठा आणि ओल दोन्ही एकाच वेळी लागतात आणि आपल्याकडं नेमकं तेच जमत नाही, ढग येतात तेव्हा गारठा पळतो आणि गारठा पडतो तेव्हा आभाळ कोरडं ठणठणीत असतं. ताज्या दहा सेंटीमीटर बर्फात ढोबळ मानानं एक सेंटीमीटर पाणी असतं. आता बेळगावात जानेवारीत पाऊस जवळजवळ शून्य, म्हणजे उद्या जादूनं इथं उणे पाच झालं तरी पडायला बर्फ आणायचा कुठनं?

एक गोष्ट मात्र मला फार आवडते. बेळगाववर बर्फ पडतो, फक्त तो वरच्या वर राहतो. एप्रिल-मेमधल्या वळवाच्या ढगांची टोकं शून्याच्या पातळीच्या खूप वर जातात, तिथं हिमकण तयार होतात, खाली येता येता वितळतात आणि आपल्या अंगावर टपोरे थेंब होऊन पडतात.

२. मग उटीला, मुन्नारला, महाबळेश्वरला बर्फ पडला म्हणून दरवर्षी पेपरात फोटो येतात ते काय खोटे असतात?

फोटो खरे, शब्द चुकीचा. ते गोठलेलं दंव असतं. आभाळातनं काही पडलेलं नसतं, हवेतली वाफ गवतावर, गाडीच्या टपावर, स्ट्रॉबेरीच्या पानावर जागच्या जागी गोठते. महाबळेश्वरला वेण्णा तलावाच्या काठावर आणि उटीजवळ तळकुंद्याच्या गवताळ भागात हे होतं, आणि कित्येकदा त्या पहाटे हवेचं तापमान शून्याच्या वरच असतं. ते कसं, तर जमीन रात्रभर आपली उष्णता आभाळाकडं सोडत राहते आणि तिच्यावरच्या हवेपेक्षा पाच-सात डिग्रीनं जास्त गार होऊ शकते. हवामान खात्याचा थर्मामीटर जमिनीपासून सव्वा मीटरवर, पांढऱ्या जाळीदार पेटीत असतो, त्याला गवतावर काय चाललंय ते दिसत नाही. हे लक्षात ठेवा, ८ नंबरला हेच कामाला येणार आहे.

३. यंदा थंडी पडलीच नाही. डिसेंबर गेला, फॅन चालूच. असं का?

आपल्याकडं सरासरी किमान तापमान डिसेंबर-जानेवारीत १४ च्या आसपास असतं, आणि थंडी म्हणून आपण जिची वाट बघतो ती म्हणजे त्याच्या खाली जाणाऱ्या मोजक्या रात्री. त्या रात्रींना तीन गोष्टी लागतात, निरभ्र आभाळ, कोरडी हवा आणि पडलेला वारा. यातली एक जरी बिघडली तरी संपलं.

बिघडवतो बहुतेक वेळा बंगालचा उपसागर. तिथं कमी दाबाचा पट्टा किंवा चक्रीवादळ आलं की पूर्वेकडनं दमट वारं आणि ढग आपल्यापर्यंत पोचतात, आणि रात्री ढग म्हणजे जमिनीवर टाकलेलं पांघरूण, उष्णता बाहेर जातच नाही. २०२४ मध्ये ३० नोव्हेंबरला फेंगल वादळ पुद्दुचेरीजवळ किनाऱ्याला लागलं आणि ऐन थंडीच्या तोंडावर आपल्याकडं ढगाळ आणि उबदार रात्री आल्या, ते बऱ्याच जणांना आठवत असेल. २०२३ च्या डिसेंबरात मिचाँग, २०२२ च्या डिसेंबरात मँडूस, म्हणजे ही वादळं डिसेंबरला नवीन नाहीत.

दुसरं कारण हळूहळू घडणारं आहे आणि ते जास्त काळजीचं. भारतात १९०१ पासूनच्या नोंदींमध्ये २०२४ हे सगळ्यात उष्ण वर्ष ठरलं. तळपातळीच वर सरकली की पूर्वी ज्या रात्री ९ वर जायच्या त्या ११ वर थांबतात आणि आपल्याला वाटतं थंडी आलीच नाही.

४. पण ला नीना होतं म्हणे, मग थंडी कडक पडायला पाहिजे होती ना?

ला नीना म्हणजे पॅसिफिक महासागराच्या मधल्या-पूर्वेकडच्या भागातलं पाणी नेहमीपेक्षा गार होणं. त्या हिवाळ्यात उत्तर आणि मध्य भारतात थंडीच्या लाटा जास्त येण्याकडं कल असतो, कल म्हणजे हमी नाही. आणि ती लाट महाराष्ट्र ओलांडून घटप्रभा-मलप्रभेपर्यंत येईपर्यंत तिचा जोर गेलेला असतो, वाटेत ढग आडवे आले (प्रश्न ३) तर पोचतच नाही. पॅसिफिकमधल्या पाण्याकडं बघून खानापूरची पहाट ठरवू नका.

५. व्हॉट्सॅपवर आलंय की सूर्य लांब गेल्यामुळं यंदा भयंकर थंडी पडणार, सर्दी-खोकल्याची काळजी घ्या. खरं काय?

खोटं. पृथ्वी सूर्यापासून सगळ्यात लांब जुलैच्या सुरुवातीला असते, सुमारे १५.२ कोटी किलोमीटर, आणि सगळ्यात जवळ जानेवारीच्या सुरुवातीला, १४.७ कोटी. म्हणजे आपल्या हिवाळ्यात उलट ती जवळच असते. हिवाळा येतो तो पृथ्वीचा आस कललेला आहे म्हणून. हा मेसेज पुढं पाठवू नका, घरातली म्हातारी माणसं उगाच घाबरतात.

६. माझ्या मोबाईलवर पहाटे ९ डिग्री, पेपरात १३. विश्वास कुणावर ठेवायचा?

दोन्ही आपापल्या जागी बरोबर असू शकतात. मोबाईल बहुतेक वेळा कॉम्प्युटरनं काढलेला अंदाज दाखवतो, तुमच्या गल्लीत कुणी थर्मामीटर लावलेला नसतो. पेपरातला आकडा हवामान खात्याच्या केंद्रावरचा असतो, ठराविक उंचीवर, सावलीत, आणि ते केंद्र तुमच्या घरापासून लांब असतं. सांबऱ्याकडच्या उघड्या माळावर जेवढं उतरतं तेवढं शहापूरच्या गल्लीत उतरत नाही, सिमेंट आणि डांबर रात्रभर गरम राहतात. कर्नाटक राज्य नैसर्गिक आपत्ती निगराणी केंद्राची होबळीनिहाय (होबळी म्हणजे तालुक्यातला गावांचा गट) हवामान केंद्रं आहेत, त्यांचे आकडे बघायची सवय लावली तर आपल्या भागाचं चित्र पेपरापेक्षा जवळचं मिळतं.

स्वतः मोजायचं असेल तर किमान-कमाल थर्मामीटर घ्या, सावलीत, भिंतीपासून लांब, छातीच्या उंचीला लावा. गाडीच्या डॅशबोर्डवरचा आकडा इंजिन सुरू केल्या केल्या धरू नका.

७. १२ डिग्रीला आम्ही कुडकुडतो, तरी थंडीची लाट का जाहीर करत नाहीत?

मैदानी भागासाठी नियम असा आहे की किमान तापमान १० किंवा त्याखाली पाहिजे आणि शिवाय सरासरीपेक्षा साडेचार डिग्रीनं तरी खाली पाहिजे. दोन्ही एकदम झालं तर लाट. आपल्याकडं सरासरीच १४ असल्यामुळं साडेनऊच्या खाली गेल्याशिवाय हिशेब जमत नाही.

८. आपल्या गच्चीवर पाणी गोठवता येईल काय? फ्रीज न वापरता?

हा माझा सगळ्यात आवडता प्रश्न, म्हणून जरा लांबण लावतो.

फ्रीज यायच्या खूप आधी उत्तर हिंदुस्तानात, अलाहाबादच्या बाजूला, हिवाळ्याच्या रात्री उघड्यावर बर्फ करायचे, आणि तोही हवेचं तापमान शून्याच्या वर असताना. रॉबर्ट बार्कर नावाच्या इंग्रज अधिकाऱ्यानं १७७५ मध्ये ही पद्धत लिहून ठेवलीय. उथळ खड्डे खणायचे, त्यात उसाची चिपाडं किंवा मक्याची वाळकी ताटं फूटभर जाड पसरायची, त्यावर मातीच्या बिनझिलईच्या उथळ थाळ्या ठेवायच्या आणि त्यात उकळून गार केलेलं पाणी जेमतेम भरायचं. सूर्य उगवायच्या आत त्यावर बर्फाची पापडी धरलेली असायची, ती गोळा करून खड्ड्यात साठवायची. परदेशातनं जहाजानं बर्फ येऊ लागला तो नंतर, कलकत्त्याला १८३३ मध्ये बोस्टनहून. दवाचं आणि रात्रीच्या उष्णतेचं हे गणित विल्यम वेल्स यानं १८१४ मध्ये उलगडून सांगितलं.

आता आपल्याकडं. ऊस आहे, पाचट आहे, शाळूचा कडबा आहे, कुंभाराकडं परळ मिळतात, साहित्यात काहीच कमी नाही. अडचण तापमानाची. ताटली हवेपेक्षा पाच-सात डिग्रीनं खाली जाते असं धरलं तर हवा ७ च्या आसपास किंवा त्याखाली पाहिजे, आणि तशी रात्र बेळगावात क्वचित येते. खानापूर तालुक्यातल्या किंवा सांबरा-बाळेकुंद्रीकडच्या उघड्या, सखल शिवारात शक्यता जास्त (का ते ९ नंबरला). अशी रात्र दिसली की असं करा: ताटली पसरट घ्या, पाणी अर्धा सेंटीमीटरच्या वर नको, ते आधी फ्रीजमध्ये गार करून घ्या, खाली कडबा किंवा थर्माकोलचा जाड तुकडा, वर झाड-पत्रा-वायर काही नको, चारी बाजूंनी आभाळ दिसलं पाहिजे. वारा असेल तर नादच सोडा, वारं ताटलीला पुन्हा हवेच्या तापमानाला आणतं. हवा दमट असेल तरी सोडा, कारण ताटलीवर दंव धरायला लागलं की ते धरताना उष्णता सोडतं आणि गार होणं तिथंच अडतं.

बर्फ नाही झाला तरी ताटलीतल्या पाण्यात थर्मामीटर बुडवून आकडा बघा. हवा ११ आणि पाणी ५ असं दिसलं की अंगावर काटा येतो, खरंच. बारा महिने उकडणाऱ्या प्रदेशात आभाळ आपल्याला एवढं गार करू शकतं हे डोळ्यानं बघण्यासारखं आहे.

९. राजहंसगडावर पहाटे गेलो तर गारठा जास्त मिळेल काय?

वारा जास्त मिळेल, गारठा बहुधा नाही. निरभ्र शांत रात्री गार हवा जड होऊन उतारावरनं खाली वाहते आणि सखल भागात साठते, त्यामुळं या येळ्ळूरच्या गडावर असेल त्यापेक्षा खालच्या भाताच्या शिवारात तापमान कमी असू शकतं. अंग जास्त काकडतं ते वर, कारण वारा उष्णता ओढून नेतो, पण थर्मामीटर खाली जास्त उतरतो. दोन्ही ठिकाणी एकाच पहाटे मोजून बघा, गंमत वाटेल.

जांबोटी, कणकुंबी, चोर्ला या घाटाकडच्या पट्ट्यात समुद्राकडनं ओल येते, तिथं धुकं सुंदर मिळतं पण तापमान धुक्यामुळं फार खाली जात नाही. धुकं बघायचं तर पश्चिमेला जा, थर्मामीटर उतरवायचा तर शहराच्या पूर्वेला मोकळ्या माळावर.

१०. मागं गारा पडून सगळं शिवार पांढरं झालं होतं. तो बर्फच की?

पाण्याचाच गोठलेला प्रकार आहे पण हिमवर्षाव नाही. हिमकण शांत थंड ढगात सावकाश वाढतो. गार वाढते तापलेल्या हवेच्या उसळत्या प्रवाहात, ढगात वर-खाली फेकली जाऊन थरावर थर चढत जातात. म्हणूनच गारा आपल्याकडं जानेवारीत जवळजवळ नसतात, मार्चपासून वळवाच्या पावसात येतात, जेव्हा उन्हानं जीव नको झालेला असतो. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये महाराष्ट्रात गारपिटीनं शेतं पांढरी झाली आणि ते फोटो बर्फ म्हणून फिरले, पण त्या पांढऱ्याखाली गहू, हरभरा, द्राक्षं झोपली होती. गारांचा फोटो टाकताना हे ध्यानात ठेवलं तर बरं.

११. खरा हिमकण बेळगावात बसून बघायला मिळतो म्हणे, ते कसं?

आभाळातला लांबनं बघता येतो. चंद्राला किंवा सूर्याला मोठं खळं पडलेलं बघितलंय ना? ते सात-आठ किलोमीटर वरच्या पातळ ढगांतल्या षटकोनी हिमकणांमुळं पडतं. त्या कणांमधनं प्रकाश साधारण २२ अंशांत वळतो म्हणून खळ्याचा आकार नेहमी तेवढाच असतो: हात लांब करून पंजा ताणला, अंगठा चंद्रावर ठेवला तर करंगळी खळ्यावर येते. चंद्राला अगदी चिकटलेलं छोटं रंगीत कडं दिसलं तर ते वेगळं, ते पाण्याच्या थेंबांमुळं. सूर्याकडं थेट बघू नका, सूर्य भिंतीच्या किंवा झाडाच्या आड घ्या.

जवळनं बघायचा तर वाढवावा लागतो. जपानच्या उकिचिरो नाकाया यांनी १९३६ मध्ये प्रयोगशाळेत पहिला कृत्रिम हिमकण वाढवला, आणि तापमानाप्रमाणं आकार कसा बदलतो ते दाखवलं: उणे पाचच्या आसपास सुया आणि खांब, उणे पंधराच्या आसपास फाटे फुटलेल्या चांदण्या. शाळेच्या प्रयोगात प्लॅस्टिकच्या बाटलीत वर ओला स्पंज आणि मधोमध नायलॉनचा बारीक दोरा ताणून बाटलीचा खालचा भाग ड्राय आइसमध्ये ठेवतात, दोऱ्यावर तासाभरात कण धरायला लागतात. ड्राय आइस उणे ७८ डिग्रीचा असतो, उघड्या हातानं धरायचा नाही, बंद खोलीत ठेवायचा नाही आणि झाकण घट्ट लावलेल्या डब्यात तर कधीच नाही, डबा फुटतो. मोठं माणूस सोबत असल्याशिवाय मुलांनी करू नये.

जुन्या फ्रीजच्या बर्फाच्या कप्प्यात भिंतीला पिसांसारखा बर्फ धरतो तो हिमकणाचा सख्खा भाऊ, वाफेतनं थेट गोठलेला. भिंग घेऊन बघा.

१२. लग्नात स्नो मशीन असतं तसं आणून अंगणात बर्फ पाडता येईल काय?

लग्नातला फेस असतो, साबणाचा. स्कीइंगच्या डोंगरावर वापरतात ते मशीन बारीक पाणी उडवून गोठवतं, त्याला हवेचं ओल्या फडक्यानं मोजलेलं तापमान उणे दोनच्या आसपास किंवा खाली लागतं. बेळगावच्या १० डिग्रीच्या कोरड्या पहाटेसुद्धा ते ४-५ पर्यंतच येतं. मोठ्या शहरांतल्या स्नो पार्कात बंद हॉल गार करून करतात, मुलांना एकदा हात लावायला ठीक आहे, पण पडणारा बर्फ बघायची आस तिथं भागत नाही असं माझं मत.

१३. खरा बर्फ बघायला कुठं आणि कधी जायचं? नाताळच्या सुट्टीत जमेल काय?

नाताळला जाऊन निराश होणारे सगळ्यात जास्त. हिमालयातला हिवाळी बर्फ पश्चिमी विक्षोभांवर अवलंबून असतो, भूमध्य समुद्राकडनं येणाऱ्या ओलसर प्रणाली, आणि त्या डिसेंबरात एखाद-दुसरीच आली तर डोंगर तपकिरीच राहतात. काश्मीरचा कडक काळ, चिल्लई कलान, २१ डिसेंबरला सुरू होतो आणि चाळीस दिवस चालतो, म्हणजे तुमची सुट्टी संपते तेव्हा खरी सुरुवात. बर्फ साठत साठत जातो म्हणून जानेवारीचा शेवट ते फेब्रुवारीचा शेवट हा काळ सगळ्यात भरवशाचा.

तोही पूर्ण भरवशाचा राहिला नाही. जानेवारी २०२४ मध्ये गुलमर्गचे उतार बिनबर्फाचे होते, महिन्याच्या शेवटी पडायला लागला. २०२५ मध्ये गुलमर्गच्या खेलो इंडिया हिवाळी स्पर्धा फेब्रुवारीत होत्या, बर्फ कमी म्हणून पुढं ढकलून मार्चमध्ये घेतल्या. म्हणजे निराश हिवाळा आपल्या एकट्याच्या वाट्याला नाही.

शाळेच्या मुलांसाठी माझा सल्ला वेगळा: आपल्याकडं मोठी सुट्टी एप्रिल-मेमध्ये असते, तेव्हा तारीख बदलू नका, उंची बदला. गुलमर्गच्या गंडोल्याचा, म्हणजे रोपवेचा, दुसरा टप्पा अफरवट डोंगरावर ३९०० मीटरच्या वर जातो, तिथं मे महिन्यातही बर्फ असतो. मनालीजवळची रोहतांग खिंड ३९७८ मीटर, मेमध्ये रस्ता उघडला की कडेला बर्फाच्या भिंती, तिथं परवाना लागतो तो आधी काढा. हात लावायला, खेळायला, घसरायला भरपूर. आभाळातनं पडताना बघायचाच असेल तर मात्र हिवाळ्यातच सुट्टी टाकावी लागेल.

१४. बुकिंग झालंय, आणि तिथनं कळलं की बर्फ नाही. आता?

रद्द करायच्या आधी उंची बघा. मनाली शहर २००० मीटरच्या थोडं वर, सोलंग २५०० च्या आसपास, अटल बोगद्यापलीकडं सिस्सू ३१०० च्या आसपास. खाली पाऊस किंवा कोरडं असताना वर बर्फ असणं नेहमीचं. ९.०२ किलोमीटरचा हा बोगदा ऑक्टोबर २०२० मध्ये सुरू झाला तेव्हापासून हिवाळ्यात लाहौलच्या बाजूला जाता येतं, पण ताजा बर्फ पडला की पोलीस फक्त फोर-बाय-फोर किंवा चेन लावलेल्या गाड्या सोडतात, कधी तेही नाही. तसंच शिमल्यात नसला तर कुफरी-नारकंड्याकडं विचारा.

हवामान खात्याच्या अंदाजात पश्चिमी विक्षोभ येणार असं दिसलं तर एक-दोन दिवस पुढं-मागं करता येतात का बघा. म्हणून बुकिंग करतानाच तारीख बदलता येईल असं हॉटेल घ्या, थोडे पैसे जास्त गेले तरी चालतील. आणि हॉटेलवाल्यानं पाठवलेला फोटो कधीचा आहे ते विचारा, आजचा व्हिडिओ कॉल करून खिडकीबाहेर दाखवायला सांगा.

१५. बेळगावहून रेल्वेनं जायचं कसं?

गोवा एक्सप्रेस बेळगाववरनं मिरज, पुणे, भोपाळ करत निजामुद्दीनला जाते, साधारण दीड दिवस. दिल्लीहून मनाली-शिमल्याला रात्रीच्या बसा. काश्मीरला आता कटऱ्याहून श्रीनगरपर्यंत वंदे भारत आहे, जून २०२५ पासून, त्यामुळं जम्मू-श्रीनगर रस्ता बंद पडून अडकायची भीती कमी झालीय. थंडीत दिल्लीकडं धुक्यानं गाड्या तासन्‌तास लेट होतात, पुढचं तिकीट अगदी टेकवून काढू नका.

१६. कपडे काय घ्यायचे? घरातली घोंगडी चालेल काय?

लोकर भिजली तरी ऊब धरते, सुती भिजलं की अंगातली ऊब काढून घेतं, हे एवढं पाळा. आत घट्ट थर्मल, मधे लोकरीचं, बाहेर वारा आणि पाणी अडवणारं जॅकेट. जीन्स घालून बर्फात बसू नका. बूट आणि बाहेरचा सूट तिथं भाड्यानं मिळतात, आपण मोजे जास्त न्यावेत, दोन जोड ओले होतातच. घोंगडी उत्तम, पण गाडीत आणि खोलीत, चालताना जड होते आणि भिजली तर वाळत नाही. पाय आणि ओठ फुटतात त्याला आपलं कोकमाचं तेल चांगलं काम करतं. आणि गॉगल विसरू नका, ताजा बर्फ ऐंशी टक्क्यांपर्यंत अतिनील किरणं परत फेकतो, ढगाळ दिवशीही डोळे सुजतात.

१७. आईबाबांना न्यायचंय, वय सत्तरीच्या घरात. उंची सोसेल काय?

अडीच हजार मीटरपर्यंत बहुतेकांना त्रास होत नाही. त्याच्या वर डोकं दुखणं, मळमळ, झोप न लागणं सुरू होऊ शकतं आणि धडधाकट तरुणालाही होतं. ७५० मीटरवरनं उठून दुसऱ्या दिवशी थेट ३९०० वर नेऊ नका, मधे एक रात्र तरी मुक्काम करा. हृदयाचा किंवा दम्याचा त्रास असेल तर निघायच्या आधी डॉक्टरांना उंचीचा आकडा सांगून विचारा, नुसतं काश्मीरला जातोय म्हणू नका. वर गेल्यावर दम लागणं थांबत नसेल किंवा बोलणं-चालणं अडखळायला लागलं तर लगेच खाली उतरणं हाच इलाज.

१८. माझा भाऊ मिलिटरीत आहे, पोस्टिंग वर आहे. मी बर्फाचे व्हिडिओ मागतो तर तो म्हणतो यात बघण्यासारखं काही नाही. त्याला वाईट वाटत असेल काय?

मराठा लाइट इन्फंट्रीचं सेंटरच बेळगावात, त्यामुळं हा प्रश्न आपल्याकडं बऱ्याच घरांतनं येतो. आपण ज्याला सुंदर म्हणतो त्यात तो रात्रीची ड्युटी करतो, बर्फ वितळवून पाणी पितो, हाताची बोटं सांभाळतो. हिमकडे कोसळायचा धोका ताज्या मोठ्या बर्फवृष्टीनंतरच सगळ्यात जास्त असतो, त्यासाठी चंदीगडची डीजीआरई ही संरक्षण खात्याची संशोधन संस्था धोक्याचे इशारे देते. व्हिडिओ मागू नका असं मी म्हणणार नाही, पण आधी पाय कोरडे आहेत काय, जेवलास काय हे विचारा. ठिकाण ओळखू येईल असं काही मागू नका आणि त्यानं पाठवलेलं पुढं कुठं टाकू नका.

१९. थंडी पडली नाही म्हणून आम्ही हळहळतो, पण शेतकऱ्याला तर बरंच ना?

नाही ओ, उलट. गव्हाला दाणा भरताना गारवा लागतो, उकाडा लवकर आला की दाणा बारीक राहतो. आंब्याला मोहोर यायला गार रात्री लागतात. ढगाळ दमट हवा राहिली की हरभऱ्यावर, मसुरावर रोग-कीड, मोहोरावर तुडतुडे आणि भुरी. खानापूर-बेळगावच्या शिवारातला शेतकरी आणि तुम्ही एकाच निरभ्र रात्रीची वाट बघताय. फक्त फार टोकाची थंडी आणि गोठलेलं दंव भाजीपाल्याला चालत नाही.

२०. फेब्रुवारी लागला. अजून एखादी थंड पहाट मिळेल काय, की स्वेटर धुऊन ठेवू?

मिळू शकते. थंडी शिव शिव करत जाते म्हणतात आणि फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत उत्तरेकडनं कोरडं वारं एखाद्या वेळी खाली उतरतं. अंदाजात तीन गोष्टी एकत्र दिसल्या की तयारीला लागा: आभाळ निरभ्र, वारं उत्तर किंवा ईशान्येचं आणि रात्री पडणारं, दवबिंदू तापमान एक आकडी (म्हणजे हवा कोरडी). दिवस मात्र तापलेले असतील, फेब्रुवारीत दुपार ३२-३३ आणि पहाट १२ असं होतं, आणि सूर्य वर आला की तासाभरात गारवा जातो. म्हणून त्या दिवशी साडेसहाच्या आत बाहेर पडा. ताटली (प्रश्न ८) ठेवली असेल तर त्याच्याही आधी.